किंजळाची करपलेली रोपं

वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत दुर्गाबाईंनी एकही झाड लावलं नव्हतं. बेलापूरच्या खाडीकाठी त्यांचं सासर. आयुष्य मिठागरात गेलेलं. पाणी घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, मीठ ओढायचं. नव्या शहरासाठी मिठागर गेलं. पुढे कचेरीत बऱ्याच खेपा घातल्यावर शहराच्या रोपवाटिकेत त्यांना मजुरीचं काम मिळालं. झाडांची नावंही तिथेच कळली.

पण उन्हाकडे बघायची सवय जुनी होती. हिरव्या जाळीखाली, दाट सावलीत वाढलेल्या रोपांची पानं रुंद, पातळ, मऊ असतात आणि त्याच बियाण्याची कडेच्या उन्हातली रोपं बारीक पण चिवट पानांची होतात, हे त्यांनी दोन वर्षांत हेरलं. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

चौऱ्याण्णवच्या जुलैत पारसिक डोंगराच्या उघड्या उतारावर किंजळ या रानझाडाची चारशे रोपं लागली. सगळी जाळीखालून थेट उचललेली. तेव्हा आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे रोपं टवटवीत दिसली. मग पावसाने दडी मारली. आठ दिवस लख्ख ऊन पडलं आणि पानांवर आधी पांढुरके डाग आले, मग ती कडेपासून करपत गेली. जी वाचली ती उन्हाला अंग चोरून उभी, सुपासारखी वळलेली.

प्रसाद माने हा साताऱ्याकडचा, शेतकी शिकलेला तरुण पर्यवेक्षक. ठेकेदार हौसेराव त्याला घेऊन उतारावर आला.

"मेली सगळी," हौसेराव म्हणाला. "उपटून टाकू. उंदीरमारीच्या रोपांची गाडी उद्या मागवतो. ते झाड कुठंही जगतं."

प्रसादने होकारार्थी मान हलवली. वरिष्ठांनी त्याच्याकडे अहवाल मागितला होता.

"सायेब, झारं मेली नाय," मागून दुर्गाबाई बोलल्या. "पानं मेली."

"बाई, तुम्ही रोपांना आळी करा," हौसेराव म्हणाला.

दुर्गाबाई पुढे झाल्या. खाली बसून त्यांनी एका रोपाची साल नखाने खरवडली. आत ओलसर हिरवं होतं. मग ओच्यातून दोन पानं काढून त्यांनी प्रसादच्या हातात दिली. "दोनी किंजळाचीच. यो जाळीखालचा, यो कडंचा. उन्हात धरून बघा."

प्रसादने धरली. पहिल्यातून त्याला आपली बोटं दिसली. दुसऱ्यातून काही दिसेना.

"सावलीतला पान उनाचं काम करील कसा?" त्या म्हणाल्या. "त्यो गळंल. झार दुसरा काढंल, उनाला पुरंल असा. पन त्याला येळ द्या. गवरी येईस्तर थांबा."

"आणि नाही फुटलं तर?"

"तर मीच उपटीन."

प्रसाद बराच वेळ पान उलटंसुलटं करत राहिला. हे सगळं त्याने परीक्षेत लिहिलं होतं, पण हातात धरलं नव्हतं. "गौरीपर्यंत," तो म्हणाला. हौसेराव तोंड फिरवून उतरला.

मग दुर्गाबाई हट्टाला पेटल्या. एपीएमसी मार्केटातून कांद्याची फाटकी गोणपाटं आणली. प्रत्येक रोपाला काठ्या रोवून पश्चिमेकडून आडोसा केला, म्हणजे सकाळचं ऊन लागावं आणि दुपारचं अडावं. पाऊस परतेपर्यंत खालच्या टाकीतून डोक्यावर हंडे वाहिले. सोबतीला गोजरा होती, तीही मिठागरातलीच. ती म्हणाली, "अगं, सरकारी झारं. तुझ्या लेकरांसारखी काय करतेस?"

"मेल्यांत जमा केली ना त्यांना. म्हनून."

तीन आठवडे काहीच झालं नाही. पानं गळून नुसत्या काड्या उरल्या. दुर्गाबाई रोज साल खरवडायच्या आणि आडोसा बोटभर कमी करायच्या. चौथ्या आठवड्यात एका काडीच्या बगलेत तांबूस, लवदार कोंब दिसला. मग शेजारच्या, मग पलीकडच्या. पानं आली ती लहान, जाड, आणि भर दुपारीही न वळणारी.

सगळी फुटली नाहीत. गौरीच्या आदल्या दिवशी प्रसादने मोजली तेव्हा दोनशे एकसष्ट जिवंत होती. कातळावरची जवळजवळ सगळी गेली होती. दुर्गाबाईंनी ती कुणाला हात लावू न देता स्वतः उपटली आणि त्या खड्ड्यांत हौसेरावला उंदीरमारी लावू दिली.

पुढच्या मार्चपासून लावणीची रोपं जाळीखालून एकेक ओळ उन्हात सरकवायची पद्धत पडली. आधी सकाळचे दोन तास, मग चार, मग दिवसभर. अहवालात तो बदल प्रसादच्या नावावर गेला. त्याने दुर्गाबाईंचं नाव घातलं होतं, ते वर कुठेतरी गळलं. हे त्याने त्यांना खालच्या मानेने सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "रोपांची तिसरी वळ आज जाळीखाली घ्या. दुपारी लय तापनार हाय."