इस्शिकीचा खांब आणि मियासाकाचा पंखा

इस्शिकीने स्वतःच्या अंगणात विजेचा खांब उभारला, त्या दिवसापासून मियासाका तेइजीला अन्न गोड लागेना. खांब साधाच, ओकायाच्या कुठल्याही रस्त्यावर दिसतो तसला, सिमेंटचा. पण तो इस्शिकीच्या एकट्याचा होता. शेजारपाजारच्या फ्रिजची आणि वॉशिंग मशीनची घाण आपल्या विजेत मिसळू नये, गाणं निर्मळ वाजावं, एवढ्यासाठी त्याने वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करून तो लावून घेतला होता. नागोयाहून निवृत्त होऊन आलेला माणूस, गावात धड दीड वर्ष झालं नाही, आणि म्हणे स्वतःचा खांब! तेइजी रोज सकाळी मुद्दाम त्याच रस्त्याने फिरायला जायचा, खांबाकडे ढुंकूनही बघायचा नाही, आणि घरी येऊन बायकोला त्याच्यावर किती कावळे बसले होते ते सांगायचा.

“बघत नाही म्हणता आणि कावळे बरे मोजता,” फुमिए म्हणायची.

तेइजीला कानांचा गर्व होता, आणि तो फुकटचा नव्हता. बेअरिंगच्या कारखान्यात त्याने एक्केचाळीस वर्षं तपासणी खात्यात काढली. लोखंडी सळीचं एक टोक फिरत्या बेअरिंगला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि आतला एखादा छर्रा केसभर जरी बिघडलेला असला तरी तो वेगळा काढायचा, हे त्याचं काम. पुढे तपासणीची यंत्रं आली. तरी शंका आली की साहेब लोक यंत्राशेजारी तेइजीला आणून उभं करत. निवृत्तीच्या दिवशी ती सळी मुलामा देऊन, मखमली पेटीत घालून त्याला दिली. ती अजून दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल अशी ठेवलेली आहे.

त्याच दिवाणखान्यात त्याचा ॲम्प्लिफायर होता. जुना घेतलेला, पण दोघांना उचलावा लागेल असा दांडगा, आणि फार तापतो म्हणून मागे पंखा असलेला.

गाणी ऐकणाऱ्या चौघांचं मंडळ होतं. तेइजी, त्याचा शाळेपासूनचा दोस्त मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा विकणारा कोगुची, दातांचे डॉक्टर ओझावा, आणि आल्या आल्या सगळ्यांचा लाडका झालेला इस्शिकी. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचं. पाहुण्यांनी गोड काहीतरी घेऊन यायचं, निमूट ऐकायचं, आणि निघताना यजमानाच्या एका तरी गोष्टीची तारीफ करायची. खोट काढायची नाही. कोगुचीचा डावा स्पीकर सहा वर्षं खोकत होता, आणि सहा वर्षं सगळ्यांनी त्याच्या पडद्यांची तारीफ केली.

एप्रिलमध्ये तेइजीकडे बैठक होती. एक रेकॉर्ड संपली, दुसरी लागायची होती, आणि मागचा पंखा घुर्र घुर्र करत होता. तेवढ्यात इस्शिकीने डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला.

“मियासाकासान, किती शांत आहे हो तुमची खोली!”

तेइजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वरवर हसून त्याने मान लववली. पाहुणे गेल्यावर मात्र तो फुमिएवर उखडला.

“टोमणा मारून गेला! रेशमी रुमालात गुंडाळून जोडा मारला त्याने मला!”

“अहो, समोर तळं आहे, मागे डोंगर आहे. मोठ्या शहरातून आलेल्या माणसाला शांतच वाटणार.”

“तू त्याचीच बाजू घे. त्याने आणलेला चेस्टनटचा केक बरा गेला घशाखाली.”

दुसऱ्या दिवशी त्याने ॲम्प्लिफायर उघडला. पंख्यावरची धूळ ब्रशने काढली. तेल घातलं. स्क्रूंखाली रबराचे वायसर बसवले. शेवटी नागानोहून नवा पंखा मागवला, मोठा आणि सावकाश फिरणारा, आणि तो मावेना म्हणून मागचा पत्रा कापला. जूनमध्ये काम पुरं झालं. फुमिएने हात पुसत येऊन ॲम्प्लिफायरला कान लावला.

“गेला हो आवाज!”

“जातोय कुठला. आता बारीक येतोय. इंऽऽ करून. ऐक नीट.”

“नाही बाई, मला काही येत नाही.”

“तुला कुठून येणार? तुझे कान काय कारखान्यात घडलेत?”

त्यानंतर त्याने आणखी दोन पंखे बदलले. इंऽऽ काही हटेना. दुपारी वर्तमानपत्र वाचत बसला तरी ते यायचं, आणि मग त्याला खरं कारण सापडलं. वीज घाण होती! शेजारचा फ्रिज, पलीकडच्या न्हाव्याचं ड्रायर, सगळं तारेतून त्याच्या घरात शिरत होतं. पंखा बिचारा काय करणार? इस्शिकीला बरं होतं. इस्शिकीला खांब होता. त्या माणसाचं देवाने सगळंच कसं चांगलं केलं, या विचाराने तेइजीचा जीव नुसता जळायचा. पोरं दोन आणि दोघंही फोन करतात, डोक्यावर केस शाबूत, बायको पियानो वाजवते, आणि वर खांब.

ऑक्टोबरमध्ये इस्शिकीची ऐकायची खोली तयार झाली. तिसऱ्या रविवारी मंडळी जमली. जाड भिंती, दुहेरी दार, खाली लाकडाचा नवा वास. कपाटात मोठा थोरला काळा ॲम्प्लिफायर, त्यालाही मागे पंखा. ओल्या अक्रोडाच्या वड्या आणि चहा झाला. मग इस्शिकी लाजत लाजत म्हणाला,

“गाण्याच्या आधी दोन मिनिटं नुसती खोलीच ऐकू या का? यासाठीच तर सगळा खटाटोप केला.”

चौघं डोळे मिटून बसले. तेइजीने श्वास रोखला. आता आपल्याला दुसऱ्याच्या घरची ती निर्मळ शांतता ऐकावी लागणार होती.

आणि ते आलं. इंऽऽ.

तेइजीला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तेच! अगदी तेच, बारीक, न थांबणारं! एवढा पैसा, एवढा खांब, आणि पंखा वाजतोय तो वाजतोयच! सहा महिन्यांची जळजळ एका घोटात निवली. मंडळाची रीत त्याला आठवली. पण एप्रिलही आठवला, आणि तोंड आपोआप उघडलं.

“इस्शिकीसान, राग मानू नका. पण तुमचा पंखा वाजतोय.”

ओझावा डॉक्टर समोरच्या वडीकडे बघत राहिले. कोगुचीने मान वर केली, इस्शिकीकडे पाहिलं, मग तेइजीकडे.

“हो... आहे खरा,” कोगुची म्हणाला. “बारीक आहे.”

“डाव्या अंगाने येतोय, नाही का?” डॉक्टर म्हणाले.

दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून इस्शिकी चांगला कमरेतून वाकला.

“क्षमा करा. तुमच्या कानांपुढे काय लपणार! उद्याच बघतो.”

“घाई नको, घाई नको,” तेइजी म्हणाला. आता त्याला उदार होणं परवडत होतं. “आधी थेंबभर तेल घाला. लागलं तर मी येईन, सळी घेऊन.”

“उपकार होतील.”

इस्शिकी उठून कपाटाकडे गेला. त्याने रेकॉर्ड चढवली, आणि मग ॲम्प्लिफायरच्या पुढे असा उभा राहिला की मागच्यांना काही दिसू नये. पण तेइजी कडेला बसला होता. त्याला इस्शिकीच्या कोपराखालून दिसलं. इस्शिकीच्या अंगठ्याने बटण दाबलं, टक् झालं, आणि इतका वेळ विझलेला हिरवा दिवा तेव्हा कुठे लागला.

तेइजीने कोगुचीकडे पाहिलं. शाळेपासून कोगुचीला खोटं बोलता येत नसे, बोलला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आत्ता त्या लालभडक होत्या, आणि तो जमिनीकडे बघत होता.

गाणं सुरू झालं. उत्तम वाजत असावं. तेइजीला त्याच्या मागे शेवटपर्यंत इंऽऽ येत राहिलं. त्याला खांबाचा हेवा वाटेना, खोलीचाही वाटेना. शेजारी डोळे मिटून बसलेल्या तिघांच्या सहा कानांचा मात्र त्याला फार हेवा वाटला. निघताना रीतीप्रमाणे काहीतरी बोलायला हवं होतं.

“किती शांत आहे हो तुमची खोली,” तो म्हणाला.

इस्शिकीने पुन्हा कमरेतून वाकून आभार मानले.

घरी फुमिए मुळा किसत होती. तेइजी येऊन तिच्यासमोर बसला. पेटीतली सळी त्याने काढली, मांडीवर घेतली, परत ठेवली.

“अगं, एक विचारू? जूनमध्ये तो पंखा बदलला, तेव्हा तू म्हणालीस आवाज गेला. खरंच गेला होता का?”

फुमिएचा हात थांबला. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं.

“नाही हो,” ती म्हणाली, आणि पुन्हा मुळा किसू लागली. “थोडा येत होता.”