फौजी नानांचं प्रशस्तिपत्र

फौजी नानांवर अन्याय झाला तो १९७१च्या डिसेंबरात, लढाईच्या चौथ्या दिवशी. दारूगोळ्याची गाडी चालवणाऱ्या तेवीस वर्षांच्या पोराच्या तळहातावर जागं राहायच्या दोन औषधी गोळ्या पडल्या. त्या कशाच्या, किती दिवस घ्यायच्या, कधी थांबवायच्या, हे कुणी सांगितलं नाही. देणाऱ्याचं नाव नानांनी कधी घेतलं नाही. "त्यानीबी खायेल व्हत्यात," एवढंच म्हणत.

लढाई संपली, गोळ्या सुटल्या नाहीत. धुळ्याचा एक औषधवाला चिठ्ठीशिवाय तसल्याच गोळ्या देई. मी शाळकरी असल्यापासून शिंदखेड्यात नानांना बसलेलं पाहिल्याचं आठवत नाही. जेवायचे उभ्यानं. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली की उठायचे आणि एक चक्कर मारून उरलेली करून घ्यायला परत यायचे. बॅटरी, सायकलची घंटा, हाती लागेल ते खोलायचे. जोडायला धीर नसे. शेजारच्या अक्का म्हणायच्या, "नाना, पाकिस्तान ऱ्हाऊ द्या, पहिले मना स्टोव्ह जोडा."

गावाला हे सगळं सोयीचं होतं. पहिली एसटी गाठायची, नानांना सांगा. खळ्यावर राखण हवी, नानांना सांगा. माझ्या दहावीला नि बारावीला पहाटे चारला नानांनीच उठवलं. "ऊठ भाऊ, तुले झोप येस, तू नशीबवान शे," म्हणत. आम्ही हसायचो. एका माणसाची झोप मेली होती आणि अख्खा गाव त्याला फुकटचं घड्याळ म्हणून वापरत होता.

चाळिशीत छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, ड्रायव्हरी सुटली. घर त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, मजुरीवर आलं. १९८९ साली नानांनी अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. सोबत गावाचं पत्र जोडायचं ठरलं. पत्रकं लिहायची सवय मला, म्हणून ते काम माझ्याकडे. मी झोकात लिहिलं : 'अहोरात्र जागरूक, पोलादी प्रकृतीचा वीर.' खाली सत्तर सह्या. चौकशीचे साहेब आले तेव्हा लोक चढाओढीनं बोलले. नाना चार-चार दिवस झोपत नाहीत तरी थकत नाहीत, असंही कुणी अभिमानानं सांगितलं. गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. फौजीची बदनामी कशाला? आपल्या माणसाचं उणं परक्यापुढे बोलायचं नाही, ही आपली रीत.

उत्तर आलं : गावकऱ्यांच्याच पत्रानुसार अर्जदार सुदृढ आहे, अर्ज नामंजूर.

नानांनी तो कागद माझ्यासमोर धरला. तो त्यांच्या हातात फडफडत होता. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "भाऊ, तू मनी तब्येत लिखी, का मना पुतळा उभा कया?"

दुसरं पत्र मी खरं लिहिलं. सह्या अकराच मिळाल्या. ते धुळ्याच्या कचेरीत पोचायच्या आत, एरंडोलला लेकीच्या अंगणात येरझारा घालता घालता नाना कोसळले. वय बेचाळीस.

तुमच्या गल्लीतही लढाईवरून आलेला असा एखादा आहे, तुम्हाला तो माहीत आहे. त्याची चौकशी करायला कुणी दारात आलं तर जयजयकार करू नका. तो झोपू शकत नाही, त्याचे हात कापतात, तो गोळ्यांवाचून उभा राहत नाही, हे सांगा. लेखी द्या. आणि खाली स्वतःची सही करा.