चाकाखालचं लिंबू

मंडळी, आज सकाळी शेजारचे बापूकाका लेकीला बाळंतपणासाठी आजऱ्याहून आणायला निघालेले. गाडी धुतलेली, टायरना काळं पॉलिश. मला म्हणाले, "गुडघं वाकत न्हाईत बघ, चाकाखाली लिंबू तेवढं ठेव."

ठेवताना टायरला हात लागला. गुळगुळीत! खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात ना, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आलेला. म्हणजे बदलायलाच हवा.

"बाजूनं तर नवं दिसतंय की रं!" काका मटकन पायरीवर बसले. "ह्याच्यातनं पोरीला आणणार हुतो मी..."

मी माझ्या गाडीची किल्ली दिली. काका कण्हत स्वतः खाली वाकले, माझ्या चारही टायरवरून हात फिरवला आणि मगच लिंबू ठेवलं.

तुम्ही लिंबू ठेवताना टायर बघता का हो?