वीतभर आटलेला पडदा

गल्लीतले सगळे तिला टेपताई म्हणत, कारण मोजमापाची टेप तिच्या गळ्यातून कधी उतरतच नसे. भाजी आणायला जाताना टेप, पाहुणे आले तरी टेप. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासायला आपली नळी काढली आणि टेपताईच्या गळ्यातली टेप बघून म्हणाले, "आधी कोण मोजणार, तुम्ही का मी?"

तिचा शिवणकामाचा गाळा अरुंद आणि लांब होता. पुढे एक पायमशीन, मागे एक विजेची मशीन, मधे कापड बेतायचं टेबल. भिंतीला बटणांच्या बरण्या आणि कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं, इतकं फुगलेलं की नवीन गिऱ्हाईक त्यालाच बसायची जागा समजे. टेपताईचा हात साफ होता. उसवलेलं, आखूड झालेलं, दुसऱ्याने बिघडवलेलं, काहीही आणा, ती आधी नाक मुरडायची आणि मग ते सरळ करून द्यायची. चुकीचं काही नजरेसमोर आलं की तिचे हात शिवशिवत. धंद्यात हे बरं होतं. घरात ते तिच्या मुलीच्या वाट्याला आलं.

मुलगी एकुलती एक. लहानपणी अगदी बुटकी, म्हणून टिंगी. पुढे आईच्या डोक्याच्या वर गेली, तरी नाव तेच राहिलं.

टिंगीला शाळेतून काही करून आणायला सांगितलं की ती उत्साहाने सुरुवात करायची. पुठ्ठ्याचं घर असेल तर चार भिंती चिकटवायची, त्यातली एक कललेली. मग खेळायला जायची. परत येईपर्यंत भिंत सरळ झालेली असे, खिडक्यांना पडदे लागलेले असत, छपरावर कौलं आलेली असत. "मी फक्त जरासं नीट केलं," टेपताई म्हणायची. त्या घराला पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या वर्षी कापडाच्या फुलांना, तिसऱ्या वर्षी भरतकामाच्या उशीला. बक्षिसं कपाटावर ओळीने उभी होती आणि टेपताई त्यांच्यावरची धूळ अगदी मनापासून पुसायची.

टिंगी सहावीत असताना वर्गाच्या बाईंच्या कुडत्याचं बटण तुटलं. बाई हसून म्हणाल्या, "काळजी कशाला? आपल्याकडे उशीवाली कारागीर आहे." आणि सुई-दोरा टिंगीच्या हातात दिला. टिंगीने सुईत दोरा ओवायलाच इतका वेळ लावला की मागच्या बाकावरून खुसखुस सुरू झाली. बटण लागलं ते उलटं, आणि ओढताच हातात आलं. कुणीतरी म्हणालं, "उशी काय आईने भरली होती का गं?" टिंगीचे कान लालबुंद झाले.

बाईंनी टेपताईला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे टेपताईला जास्तच कानकोंडं झालं.

"तुमचं काम फार सुंदर आहे हो," बाई म्हणाल्या. "पण माझ्या वर्गात तुम्ही नाही, ती आहे. तिचं वेडंवाकडं चालेल मला. तिला चुकू द्या थोडं. इथे चुकली तर काय बिघडणार आहे? चार मार्क."

घरी आल्यावर टेपताईने टिंगीला विचारलं, "तू मला कधी सांगितलं का नाहीस, नको करूस म्हणून?"

"सांगितलं होतं की. उशीच्या वेळी. तू म्हणालीस, हो हो, आणि सुई काढलीस."

टेपताईला हे अजिबात आठवत नव्हतं.

त्या दिवसापासून तिने हात आखडता घेतला. हे लिहायला सोपं आहे, पण तिचे हाल बघवत नव्हते. टिंगी नकाशा रंगवताना डोंगरांना निळा आणि नद्यांना तपकिरी रंग देत होती आणि टेपताई शेजारी बसून स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होती. टिंगी डबा विसरून गेली तेव्हा ती डबा घेऊन दारापर्यंत गेली, चपला घातल्या, चपला काढल्या, आणि शेवटी तो डबा स्वतःच खाऊन टाकला. टिंगीचे बाबा बस आगाराच्या कार्यशाळेत इंजिनं दुरुस्त करायचे आणि घरी मोजकं बोलायचे. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. दोघींपैकी एक तरी जेवली."

वर्षभर एकही बक्षीस आलं नाही. पण टिंगी डबा विसरेनाशी झाली, आणि नद्यांचा रंग तिला बाईंनी नव्हे, मैत्रिणीने हसून सांगितल्यावर कायमचा पाठ झाला. टेपताई हळूहळू सैलावली. जमतंय आपल्याला, असं तिला वाटू लागलं. जरा जास्तच वाटू लागलं, म्हणा ना.

आठवीत टिंगीच्या वर्गाने नाटक बसवलं. एका म्हाताऱ्या राजाची गोष्ट, शेवटी राजा मरतो आणि सगळे रडतात, अशी. शाळेच्या रंगमंचाला पडदा नव्हता. टिंगीने हात वर केला आणि म्हणाली, "मी शिवते." मग लगेच, कुणी विचारायच्या आत, "मी म्हणजे मीच."

सुट्टीच्या दिवशी तिने गाळा ताब्यात घेतला. कोऱ्या पांढऱ्या सुती कापडाचा तागा टेबलावर पसरला. टेपताईने मशीनमध्ये तेल घालून दिलं, एक बॉबिन भरून दिली आणि "मी जाते," म्हणून शेजारणीकडे चहाला जाऊन बसली. चहा दोनदा झाला, तिसऱ्यांदा शेजारणीने विचारलंच नाही. परत आली तेव्हा टिंगी घामाघूम होती, पण पट्ट्या जोडून झाल्या होत्या. शिवण थोडी नागमोडी होती खरी. लांबी मात्र बरोबर होती. रंगमंचाच्या तारेपासून खालच्या फळ्यांपर्यंत नेमकी, वर तार ओवायचा नेफा धरून, खाली दुमड धरून. टेपताईने मनातल्या मनात दोनदा मोजलं आणि तिला मुलीचं कौतुक वाटलं.

"झकास," ती म्हणाली.

"उद्या रंगवणार आहोत," टिंगी म्हणाली. "गडद निळा. शाळेच्या मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं आणि त्यात बुडवायचं. परवा सकाळी टांगायचा, दुपारी नाटक."

टेपताईने पडद्याकडे बघितलं. कोरं सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय बेतायचं नसतं. ते आटतं, आणि लांबीत जास्त आटतं. हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की ती आजवर कुणाला शब्दांत सांगायलाच गेली नव्हती. उकळत्या पाण्यात तर वीतभर तरी जाणार. तिने तोंड उघडलं. टिंगी पडद्याची घडी घालत होती, मान खाली, ओठ घट्ट, आणि चेहऱ्यावर आनंद होता, आपण मोठे झालो असं माणसाला वाटतं तेव्हा असतो तसा. टेपताईला बाईंचं बोलणं आठवलं. तिला चुकू द्या थोडं. तिने तोंड मिटलं आणि खाली सांडलेल्या टाचण्या वेचायला बसली.

नाटकाच्या दिवशी ती आणि टिंगीचे बाबा मागच्या रांगेत बसले. पुढे जमिनीवर लहान वर्गांची मुलं बसली होती. पडदा सुरेख निळा झाला होता आणि फळ्यांच्या वर चांगला वीतभर तरंगत होता. खालून पाय दिसत होते. बूट, मोजे, एक अनवाणी जोडी. टेपताईने ते पाय बघितले आणि नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

पहिले प्रवेश निभावले. मग राजा आजारी पडला. राजा झालेला मुलगा खरोखर छान काम करत होता. त्याने राणीचा हात धरला, दोन वाक्यं अडखळत बोलला आणि मान टाकली. हॉलमध्ये शांतता पसरली. पुढच्या पोरांपैकी एकीने नाक ओढलं. पडदा सरकत आला, मिटला, आणि त्याच्या खाली सगळ्यांना दिसलं की राजाचे पाय उठले. उठले, आपल्या चपला शोधल्या, एक सापडेना म्हणून लंगडत इकडेतिकडे फिरले आणि तुरुतुरु आत निघून गेले.

"मेलेला चालला!" पुढून एक चिमुरडा ओरडला, आणि सगळा हॉल फुटला. मुख्याध्यापक रुमालात तोंड खुपसून हसत होते. टिंगीचे बाबासुद्धा हसले, मग बायकोकडे बघून गप्प झाले.

अजून एक प्रवेश बाकी होता, राणीच्या शोकाचा. हशा थांबेपर्यंत काही घडलं नाही. मग राणी रडली, सैनिक रडले, आणि शेवटी पडदा सरकायच्या आधीच रंगमंचावरचे दिवे गेले. कुणाचेच पाय दिसले नाहीत. आत धावत जाऊन दिव्यांच्या बटणाशी टिंगी स्वतः उभी राहिली होती, हे टेपताईला नंतर कळलं.

घरी जाताना टिंगी पुढे चालत होती, दप्तर पोटाशी धरून. गाळ्यापाशी आल्यावर थांबली आणि मागे वळली.

"आई, कापड आटतं, हे तुला माहीत होतं ना?"

टेपताईला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "हो."

"मी उकळणार म्हटलं तेव्हा माहीत होतं?"

"हो."

टिंगीचे डोळे भरून आले. "मग ती माझी चूक कशी? मी मोजलं नसतं, तर माझी चूक. मी आळस केला असता, तर माझी. मला हे ठाऊकच नव्हतं. तुला ठाऊक होतं आणि तू बघत बसलीस."

"बाईंनीच सांगितलं होतं, तू चुकलीस तरी—"

"मी तुला शिवू नकोस म्हटलं होतं. मुकी हो, असं नव्हतं म्हटलं!"

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. टेपताई पायरीवर बसली. बाबा शेजारी बसले. ते म्हणाले, "कार्यशाळेत नवीन मुलं येतात, त्यांना मी पाना धरायला शिकवत नाही, घसरू देतो. पण कुठली नळी गरम असते ते सांगतो."

"हे मला परवाच सांगायला हवं होतं," टेपताई म्हणाली.

"परवा तू काही बोललीस का?"

इतकी वर्षं टेपताई जास्त करत होती, मग तिने सगळंच सोडलं, आणि दोन्ही वेळा तिने मुलीपेक्षा स्वतःकडेच जास्त बघितलं होतं. आधी आपलं काम छान दिसावं म्हणून, नंतर आपण किती शहाणी आई झालो म्हणून. हे कळल्यावर तिला बरं वाटलं नाही, पण डोकं जरा जागेवर आलं.

टिंगीचा अबोला बरेच दिवस चालला. जेवायला यायची, विचारलेल्याला मान हलवायची. टेपताईने एकदाच, ताट वाढताना म्हटलं, "मला वाटलं, मी एक शब्द बोलले की ते पुन्हा माझं काम होईल. माझं चुकलं." टिंगीने ताट ओढून घेतलं आणि जेवायला लागली.

मग शाळेने नाटकाचा दुसरा प्रयोग ठरवला. राजाच्या पायांची कीर्ती पसरल्यामुळे मागणी वाढली होती. टिंगी पडदा खांद्यावर टाकून गाळ्यात आली आणि टेबलावर तो धपकन टाकला.

"विचारते आहे, म्हणून सांग. खाली पट्टी जोडली तर वाईट दिसेल?"

"निळ्यालाच निळी जोडलीस तर दिसेल. दोन निळे कधी जुळत नाहीत. वेगळाच रंग घे. राखाडी बरा."

"मला पिवळा हवाय."

"पिवळा भडक दिसेल."

"बरं," टिंगी म्हणाली, आणि पिवळा घेतला. ते कापड बेतायच्या आधी बादलीत बुडवायला मात्र तिला सांगावं लागलं नाही. ती शिवायला बसली आणि टेपताई गिऱ्हाइकाची विजार घेऊन दुसऱ्या मशीनवर बसली. दोन्ही मशीन एकदम चालू झाल्या. मधेच टिंगीचा दोरा गुंतला. टेपताईची मान वळली, हात वळला नाही. टिंगीने शिव्या घालत गुंता सोडवला आणि म्हणाली, "बघू नकोस गं."

"मी कुठे बघतेय? मी विजार बघतेय."

दुसऱ्या प्रयोगात राजा व्यवस्थित मेला. लोक थोडे निराश झाले. पिवळी पट्टी लांबूनही डोळ्यात भरत होती, आणि बाईंना ती फार आवडली. टेपताईला ती अजूनही आवडत नाही.

टिंगी शिवणकामात पडली नाही. कॉलेजात हिशेबशास्त्राकडे गेली, आणि पहिल्याच वर्षी एका विषयात नापास झाली. घरी येऊन तिने निकाल सांगितला, जेवली, झोपली, आणि सकाळी पुन्हा पुस्तक घेऊन बसली. टेपताई दोनतीनदा तिच्या मागून फिरली, पुस्तकात डोकावली. पानभर आकडे होते. त्यातला एकही तिला कळेना, त्यामुळे गप्प बसणं तिला आयुष्यात पहिल्यांदा सोपं गेलं. तिने चहा केला, पुस्तकापासून हातभर लांब ठेवला आणि गाळा उघडायला निघून गेली.