तीन हातांनी खोललेलं यंत्र

विजेवर चालणारं गवत कापायचं यंत्र असलेलं जव्हारमधलं आमचं घर बहुधा एकमेव होतं, आणि ते यंत्रही बहुतेक वेळ बंदच असायचं. लोक हसायचे आणि त्यांचं हसणं मला पटायचं. ज्या मुलखात घराघरात विळा आहे आणि गवत म्हणजे गुरांचा चारा नाहीतर झोपडीचं छप्पर, तिथे वीज जाळून गवताचा भुगा करायचा म्हणजे शुद्ध येडेपणा. तरीही त्या यंत्राचे माझ्यावर इतके उपकार आहेत की दुसऱ्या कुणी त्याची थट्टा केली तर मला आजही राग येतो. थट्टा करायची तर ती मी करीन.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. पावसाळ्यातल्या एका सकाळी दाभोशाला सासुरवाडीला निघालो होतो. जीप नेहमीसारखी खच्चून भरलेली, आणि मी नेहमीसारखा मागच्या फळीवर. एका वळणावर जीप घसरली आणि काहीही घाई न करता चरात आडवी झाली. बाकीच्यांना खरचटलं. माझा उजवा हात मात्र खाली सापडला. नाशिकच्या डॉक्टरांनी हात वाचवला, पण पकड परत येणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून तो हात दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या पंच्यासारखा खांद्याला लोंबतो आहे.

शाळेत मी निभावून नेलं. डाव्या हाताने फळ्यावर लिहायला लागलो. अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं, पण मुलं कधी हसली नाहीत. घरी मात्र निभावेना. आम्ही मूळचे शेतावरचे. माझ्या वडिलांची खोडाळ्याकडे डोंगरउतारावर नागली आणि खाली थोडं भात. नोकरी लागली तरी आवणीला, भाताच्या लावणीला, मी गुडघाभर चिखलात असायचोच. लाकडं फोडणं, पाणी ओढणं, पावसाआधी कौलं चाळणं ही माझी कामं होती, आणि ती आता बायको करायची. मी पडवीतल्या खुर्चीत बसून बघायचो. ती पाण्याचा हंडा उचलून आत गेली की मला वाटायचं, आपण या घरात पाहुणे झालो. पाहुण्याने चार दिवस राहावं, मग जावं. मला तर जायला जागा नव्हती.

मग मी बोलणंच सोडलं. ठरवून नाही. 'हो', 'नको', 'ठेव तिथं' एवढ्यावर दिवस जायचा. बायको काहीबाही सांगत राहायची, बाजारात कोण भेटलं, भावाची खुशाली काय, आणि मी समोरच्या कुंपणाकडे बघत बसायचो. तिने हात टेकले असतील असं मला वाटत होतं.

तिचा भाऊ ठाण्याला एका बंगल्यावर माळीकाम करायचा. मालकाने नवं यंत्र घेतलं, तर जुनं बंद पडलेलं त्याने मागून घेतलं आणि एसटीच्या टपावर टाकून आमच्याकडे आणलं. चार चाकं, वर डब्यासारखी मोटर, पोटाखाली पंख्यासारखं पातं, ढकलायला लांब दांडा.

"बंद हाये," तो म्हणाला. "पण दाजी सायन्सचे मास्तर. दाजी बघतील."

"कोणत्या हाताने बघू?" मी म्हणालो.

कित्येक दिवसांत माझ्या तोंडून निघालेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं. बिचारा चहा न घेताच गेला. बायकोने यंत्राची वायर बोर्डात लावून बघितली, खटका दाबून बघितला, काहीच होईना. मग पडवीत गोणपाट पसरलं, त्यावर यंत्र उलटं घातलं, शिवणयंत्राच्या खणातला पेचकस आणला आणि एक स्क्रू फिरवायला लागली. उलट्या बाजूला. स्क्रू आणखी घट्ट होत होता आणि ती जोर लावत होती. शेवटी मला राहवेना.

"दुसरीकडे फिरव."

"कुठं दुसरीकडं?"

"घड्याळाच्या उलट. आणि त्याआधी तो प्लग काढ, मरशील."

तिने प्लग काढला आणि कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी डावा हात पुढे केला. तेव्हापासून आमचा नियमच झाला. यंत्र खोललेलं असेतो प्लग माझ्या डाव्या मुठीत. तो माझ्या मुठीत आहे तोवर घरातलं कुणी चुकूनही तो बोर्डात खुपसणार नाही आणि तिची बोटं पात्याजवळ सुरक्षित आहेत. बाकी सगळं काम तिच्या हातांचं. मी खुर्चीतून सांगायचो, ती करायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण शेळ्या हाकायच्या तर तोंड उघडावं लागतं.

बंद यंत्राला प्रश्न विचारायचे ते भिंतीपासून, असं मी तिला सांगितलं. आधी बोर्डात वीज आहे का? दोन वायरी जोडलेला बल्ब लावून बघितला, पेटला. मग यंत्राची वायर धड आहे का? ती यंत्रापासून सोडवून टोकाला तोच बल्ब जोडला, तेवढ्यापुरता प्लग बोर्डात दिला आणि बायको वायर वीतवीतभर वाकवत गेली. प्लगच्या जवळ एका जागी बल्ब डोळे मिचकावायला लागला. आतली तार तुटलेली होती. तेवढी वायर कापून टाकली आणि प्लग पुन्हा जोडला. तरी मोटर गप्प. मग दांड्यावरचा खटका. गंज धरलेला, तो पॉलिश पेपरने घासला. तरी गप्प. "आता काय बघाचा?" ती विचारायची. मी सांगायचो. मग मोटरच्या कुशीतले कार्बन काढले. मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज आत पोचवणारे हे काळे, चौकोनी तुकडे. झिजून झिजून हरभऱ्याएवढे उरले होते.

बाजारातल्या दुकानात मिक्सरचे कार्बन होते, पण ते जाड निघाले. ती म्हणाली, घासू. पाटा उलटा घातला आणि त्याच्या पाठीवर कार्बन घासत बसली, मध्येमध्ये मला दाखवत. मी तो उजेडाकडे धरून बघायचो आणि म्हणायचो, अजून थोडा. बोटं काळी, नाक काळं, पदर काळा. कार्बन खाचेत अलगद सरकला तेव्हा मी मुठीतला प्लग तिच्या हातात दिला. यंत्र असं काही गरजलं की शेजारची माणसं दारात आली. त्या दिवशी मी भाकरी मागून घेतली.

मग आम्ही जी चूक केली ती आमच्यासारख्या माणसांनीच करावी. आमच्या परसात पावसाळ्यात कमरेएवढं गवत माजायचं. ते आम्ही माजू दिलं. गवत पुरतं वाढून फुलोऱ्यावर आल्याखेरीज त्याला विळा लावणं म्हणजे कोवळं पीक कापणं. इथे कुणी तसं करत नाही, मग आम्ही कशाला करू? दिवाळी झाली, गवत पिवळं पडलं, आणि बायकोने त्या कमरेएवढ्या गवतात यंत्र घातलं. ते हातभर गेलं, कण्हलं आणि बंद पडलं. जळका वास सुटला.

पुन्हा गोणपाट, पुन्हा प्लग माझ्या मुठीत. भिंतीपासून प्रश्न सुरू. वायर ठीक, खटका ठीक, कार्बन ठीक. पात्याला गुंडाळलेलं गवत काढलं, यंत्र मोकळं फिरलं. गवतात घातलं की बंद. मी बेअरिंगवर संशय घेतला, पात्याच्या धारेवर घेतला, शेवटी गावच्या कमी दाबाच्या विजेला शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं, पण नाचता कुणाला येत नव्हतं तेच कळेना. रोज शाळेतून येताना माझ्या डोक्यात तेच. आल्या आल्या मी बोलायला सुरुवात करायचो, चपला काढायच्या आधी.

उलगडा झाला तो शेजारणीच्या गाईमुळे. शेजारीण इथल्या दवाखान्यात नर्स होती. गाईला चारा हवा म्हणाली, म्हणून बायकोने विळ्याने परसाचा एक पट्टा कापून दिला. उरल्या खुंटांवरून तिने सहज यंत्र ढकललं, तर ते कुरकुर न करता थेट कुंपणाला जाऊन टेकलं. यंत्रात काहीच बिघडलेलं नव्हतं. ज्या लोकांसाठी ते बनवलं होतं ते गवत बोटभर झालं की कापतात.

"बोटभर असतानाच कापतात?" ती म्हणाली. "मंग उगवू कशाला देतात?"

मी विज्ञानाचा मास्तर, पण याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि अजूनही येत नाही. त्या दिवशी मी हसलो. जीप आडवी झाल्यापासून पहिल्यांदाच हसलो असणार, कारण शेजारीण गवताचा भारा तसाच टाकून बघायला आली.

पुढच्या पावसाळ्यात मेव्हण्याने दुसरं एक यंत्र आणलं. लांब काठीच्या टोकाला फिरणारी चकती आणि चकतीतून बाहेर येणारा जाड नायलॉनचा दोरा. तो दोराच गवत कापतो. दोरा संपलेला होता आणि तो मिळणार ठाण्याला. बायकोने माहेराहून मासे धरायचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आणला. पहिला तंगूस दगडाला लागून लगेच तुटला. मग तिने तीन पदर घेऊन वेणी घातली. ती टिकली. कुंपणाच्या कडेचं, यंत्राची चाकं पोचत नव्हती तिथलं गवत या तंगुसाच्या वेणीने कापलं जायला लागलं.

हळूहळू लोक आपापल्या वस्तू आणायला लागले. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन. गोणपाट पसरलं की मी खुर्ची जवळ ओढायचो. मोटरबद्दल बोलता बोलता मी शाळेबद्दल बोलायचो, वडिलांबद्दल बोलायचो. एकदा इस्त्री खोललेली असताना मी तिला जीपमधलं सगळं सांगितलं. हात खाली असताना मला काय वाटलं, कुणाचा चेहरा आठवला, हेही. समोरासमोर बसून ते मला जन्मात सांगता आलं नसतं. ती खाली बघून स्क्रू फिरवत होती, म्हणून सांगता आलं.

मग एके दिवशी शाळा अर्ध्या दिवसातच सुटली. घराला वळसा घालून परसातून आलो तर पडवीतून आवाज आला. बायको शेजारणीशी बोलत होती. शेजारणीने आपला मिक्सर आणला होता, तो गोणपाटावर खोललेला होता. मी परसातल्या विहिरीपाशीच थांबलो, तिथून पडवी दिसत होती. बायको एकेक वस्तू उचलून दाखवत होती. वायर इथं तुटलेली, ती जोडली. कार्बन हा असा घासला. मला जे सांगायला दुपार लागायची ते ती चहा निवायच्या आत सांगून मोकळी झाली, आणि माझ्या शब्दांत नाही, स्वतःच्या. प्लग तिने कमरेला खोचून ठेवला होता.

"झालाच की मग," शेजारीण म्हणाली. "बसवून द्या, वहिनी. मला वाटण करायचंय."

"आता नाय," बायको म्हणाली. "उद्या न्या. गुरुजी येतील, त्यांना बघाचा हाये." आणि तिने जोडलेली वायर पुन्हा सोडवली.

आधी माझे कान तापले. मग वाटलं, आल्या पावली परत जावं, बाजारात एक चक्कर मारावी आणि नेहमीच्या वेळी पुढच्या दाराने चपला वाजवत यावं. तसं केलं असतं तर सगळं छान चाललं असतं. पण माझा स्वभाव तसा नाही. शेजारीण गेली आणि मी पडवीत चढलो.

"ऐकलं मी," म्हणालो. "तुला सगळं येतं."

ती दचकली नाही. पदराने बोटं पुसली.

"येतंय."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले."

"मग मला कशाला विचारत बसतेस? एका दिवसात दुरुस्त करून ठेवायचं होतंस."

तेव्हा ती चिडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला चिडलेली मी क्वचितच बघितली आहे.

"ठेवला असता करून," ती म्हणाली. "मशीन झाला असता चालू. मंग तुम्ही बोलला असतात कोणाशी?"

ती पुन्हा मिक्सरपाशी बसली, मी खुर्ची ओढली. तिने कमरेचा प्लग काढला आणि माझ्यापुढे धरला. मी तो डाव्या मुठीत घेतला. मूठ मिटली आणि तिला म्हणालो, की हे तू माझ्यासाठी केलंस, याचं मी आता आयुष्यभर काय करू ते मला समजत नाही.

"काय करू नका," ती म्हणाली. "बोलत बसा."