हलीमाचं वाक्य

स्वीडनमधल्या त्या कोर्टात न्यायाधीशबाईंनी वर केलेला हात अजून डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या मुलीची तिथली शेजारीण हलीमा, शाळेत फरशी पुसणारी. घरमालकाशी तिचं भांडण कोर्टात गेलं, म्हणून सोबतीला आम्ही दोघी गेलो होतो. ती आपल्या सोमाली भाषेत बोलत होती, सरकारनं दिलेला दुभाषा ते स्वीडिशमध्ये सांगत होता. मध्येच मालकाचा वकील बोलू लागला, तसा बाईंचा हात वर झाला.

मुलगी कानात म्हणाली, "आई, त्या म्हणतायत, थांबा, हिचं वाक्य अजून संपलेलं नाही."

फरशी पुसणाऱ्या बाईच्या वाक्यासाठी अख्खं कोर्ट थांबलं होतं!

आपल्याकडे माझ्या पेन्शनची केस चालली, तेव्हा माझ्याबद्दलच सगळे इंग्रजीत बोलत होते. "साहेब काय म्हणाले हो?" मी वकिलांना विचारलं. "पुढची तारीख दिलीय, ताई," एवढंच ते म्हणाले.

"आणखी काही सांगायचंय?" बाईंनी हलीमाला विचारलं. ती आठवत राहिली. कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. तेवढ्या शांततेत मी माझी सगळी केस मनातल्या मनात मराठीत सांगून टाकली.