साडेचार व्होल्टवरची गोजर

बन्सी कुठल्याही कामाला हात घालण्याआधी तीनदा विचार करायचा आणि मग चौथ्यांदा दुसऱ्याला विचारायचा. वाळूजच्या कारखान्यात तो वायरमनच्या हाताखाली होता आणि तिथं यावरून त्याची यथेच्छ टिंगल चाले. साधा फ्यूज बदलायचा तरी हा गडी मेन स्विच बंद आहे का, ते दोन वेळा जाऊन बघून येणार. पण टेपरेकॉर्डर विजेवर चालवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हा त्यानं जी घाई केली ती पाहून त्याची सासू मनकर्णाबाईसुद्धा चाट पडली.

घाईला कारण होतं. मुकुंदवाडीतल्या त्याच्या पत्र्याच्या घरात त्या जानेवारीत विजेचं मीटर बसलं होतं आणि त्याच जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. सोळा वर्षांचं भांडण होतं ते. कितीकांची घरं त्यात जळाली, कितीजण तुरुंगात जाऊन आले. त्या दिवशी बन्सी निळ्या गुलालात नाचला, पेढे वाटून आला आणि घरी येऊन पेटीतली एक कॅसेट मांडीवर घेऊन नुसताच बसला. त्या कॅसेटमध्ये गोजर होती.

गोजर म्हणजे त्याची बायको. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत तिच्या माहेरची वस्ती पेटवली, तेव्हा ती बारा वर्षांची होती. अंगावरच्या कपड्यांनिशी मायबापांबरोबर शहरात आली आणि बांधकामावर घमेलं उचलू लागली. अक्षरओळख म्हणाल तर शून्य, पण गाणं जिभेवर तयार असायचं. सत्याग्रहात बायांना पोलिसांच्या गाडीत कोंबलं की आधी हिचा आवाज निघे, मग बाकीच्यांचा. तिनं स्वतः जुळवलेलं एक गाणं सगळ्या वस्तीला पाठ होतं: ‘गेटापाशी थांबीन गं बाई, नाव लागंल तव्हाच जाईन.’ पण थांबायला मिळालं नाही. चार वर्षांपूर्वी काविळीनं गेली. पोरगी साळू तेव्हा दोन वर्षांची होती.

नाव लागलं त्या दिवशी गेटासमोरच्या गर्दीत साळूनं बापाच्या खांद्यावरून विचारलं, “दादा, आई कशी बोलायची वो?”

आवाज कसा सांगायचा? “चांगली बोलायची,” बन्सी म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पोरीला आईचा चेहरा आठवत नव्हता. घरात एक धड फोटो नव्हता. होती ती ही एवढीच कॅसेट. गोजर गेल्यावर ती लावण्याचा धीर त्याला एकदाही झाला नव्हता.

टेपरेकॉर्डर जुना, चार मोठ्या सेलवर चालणारा. विजेची वायर खुपसायला त्याला भोकच नव्हतं. बन्सीनं ठरवलं, घरची वीज सेलएवढी उतरवून देणारा डबा, म्हणजे एलिमिनेटर आणायचा आणि त्याच्या वायरी मागच्या सेलच्या खणात कथलाचा डाक देऊन जोडायच्या. शहागंजातल्या सरवरमियाँच्या टपरीवर एलिमिनेटर लटकत होते, तीन व्होल्टचे, सहाचे, नऊचे, बाराचे.

“कित्ते का होना?” सरवरमियाँनी विचारलं.

“चार सेल हायेत, दीड-दीडचे. म्हंजी सहा?”

“हौ, छे. ज्यादा का नक्को, मोटर जलती.”

त्यावर बन्सीनं प्लस कुठला, मायनस कुठला, ते तीनदा विचारलं. सरवरमियाँनी शेवटी प्लसच्या वायरीला लाल चिंधी बांधून दिली.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यानं डाक दिला. मनकर्णाबाईनं नातीला न्हाऊ-माखू घालून समोर बसवलं, जणू पाहुणी यायची होती. बटण दाबलं. खरखर झाली, आणि आतून एक बारीक, घाईघाईचा आवाज गाऊ लागला. साळू खुदकन हसली.

“ही माजी आई? ही तं माज्यायेवढी पोरगी हाये!”

“अवो जावई, माजी गोजर अशी नव्हती,” मनकर्णाबाई म्हणाली. “लई भरीव आवाज व्हता तिचा.”

बन्सीनं टेप बंद केला. कॅसेट खराब झाली असेल तर दुसरी कुठून आणणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, चार वर्षांत आपणच तिचा आवाज विसरलो असू तर?

तसाच उठून तो टेपरेकॉर्डर काखेत मारून शहागंजात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराशी भांडला. सरवरमियाँनी शांतपणे व्होल्ट मोजायचं मीटर लावलं. सहा म्हणजे सहा. मग आपली एक कव्वालीची कॅसेट घालून पाहिली, ती ठणठणीत वाजली.

“मशीन बराबर है. ये बोलो, भरे सो टैम सेल नये थे क्या?”

बन्सीला तो उन्हाळा आठवला. गाणं भरायचं ठरलं आणि सेल संपलेले. तो नवे आणायला निघाला, तर गोजरनं अडवलं होतं. “नवे कशाला? पत्र्यावं ठिवते.” संपलेले सेल दोन दिवस उन्हात तापवले की त्यांच्यात अर्ध्या दिवसाचा जीव येतो, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच तापवलेल्या सेलवर तिनं गाणं म्हटलं होतं.

“बस, वोइच,” सरवरमियाँ म्हणाले. “मशीन सुस्त चल रा था. सुस्त भरे, पूरे पे बजाए, तो आवाज भागतीच ना.” त्यांनी बटण फिरवून व्होल्ट बदलायचा एलिमिनेटर काढला. तीन, साडेचार, सहा. “मशीन पे लिखेला मत सुनो. पर कौनसे नंबर पे उनकी आवाज है, वो मेरा मीटर नइ बताता. वो तुमकुच मालूम.”

बन्सीनं या वेळी काहीच विचारलं नाही.

घरी त्यानं नव्या एलिमिनेटरचं बटण साडेचारवर आणलं आणि टेप लावला. पहिल्या शब्दालाच मनकर्णाबाईनं पदर तोंडात कोंबला. गोजर होती. तीच, दमदार, शब्द जरा ओढून म्हणणारी. साळू हसायची थांबली आणि टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ सरकली. बन्सी भिंतीला टेकून रडत होता आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं.

दुसरं कडवं सुरू झालं तसा आवाज हळूहळू चढू लागला. बन्सीच्या ध्यानात आलं, गाणं भरताना ती गात होती तसतसे सेल मरत चालले होते. त्यानं बटण तीनवर नेलं. मोटर कण्हली आणि थांबलीच. तीन आणि साडेचारच्या मध्ये काही नव्हतं. तो पुन्हा साडेचारवर आला. शेवटचं कडवं बारीक, लगबगीचं झालं, आणि साळू त्याच पट्टीत गुणगुणू लागली.

गाणं संपलं. मग तो बारीक आवाज म्हणाला, “झालं. बंद करा वो आता, सेल सरतील.”

बन्सीचा हात आपोआप टेपच्या बटणाकडे गेला. साळूनं तो धरला. “ऱ्हाऊ द्या ना दादा. आता लाइट हाये.”

त्यानं हात मागं घेतला. पुढं काही नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात तिनं सांगितलं आणि त्यानं मुकाट्यानं बंद केलं होतं. बायकोचा शब्द लगेच ऐकला म्हणून माणसाला इतका पस्तावा कधी झाला नसेल. तरी टेप खरखरत राहिला आणि तो कान देऊन बसला.